सणाच्या स्वयंपाकातलं तेल-तूप सिंकच्या पाइपात जाऊ नये म्हणून काय करावं

सणाच्या दिवशी सिंक तुंबलं की दोष त्या दिवशीच्या स्वयंपाकाला मिळतो. पाइपाच्या आत वर्षभर तेलाचा थर बसलेला असतो. त्यावर एकाच दिवशी भरमसाट तूप, खरकटं आणि पाणी येऊन पडलं की पाणी उलटं चढतं. यावर माझं सांगणं एवढंच, की ओशट भांड्याला पाणी लावण्याआधी ते कोरडं पुसायचं. बाकीच्या पायऱ्या सोप्या आहेत.

झाकणाचा पत्र्याचा डबा, रद्दीचा गठ्ठा आणि सिंकच्या तोंडावर बारीक जाळी एवढी तयारी सकाळीच करून ठेवा.

तळणीचं तेल पूर्ण निवू द्या, गाळा, पुन्हा वापरायचं ते बाजूला काढा आणि टाकायचं ते डब्यात घाला. घाई असली तरी गरम तेल प्लास्टिकमध्ये किंवा काचेच्या बरणीत ओतायचं नाही. प्लास्टिक वितळतं, काच तडकते. डबाही आतून कोरडा हवा, कारण पाण्याचा एक थेंब असला तरी गरम तेल अंगावर उडतं.

आता कढई. तेल ओतून झालं की ती रिकामी दिसते. तिरकी करून दोन मिनिटं ठेवा, म्हणजे कडांवरून निथळून चमचा-दीड चमचा तेल पुन्हा बुडाला जमलेलं दिसेल. पाहुण्यांच्या जेवणाची दहा-बारा मोठी भांडी धरली तर अर्धी वाटी तेल असंच सिंकमध्ये जातं, आणि आपण मात्र ‘एक थेंबही ओतला नाही’ म्हणतो.

पुसण्याची वेळ साधणं हे खरं अवघड काम. मलाही ते लवकर जमलं नव्हतं. भांडं फार गरम असेल तर हात भाजतो. पार निवलं तर तूप, लोणी थिजतं आणि कागद त्यावरून नुसता घसरतो. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, तूपही साधारण तिथेच. त्यामुळे बाहेरून तळहात टेकवला तर सहज ठेवता येईल, पण ऊब नीट जाणवेल, तेव्हा पुसायला घ्या. जेवणं उरकेपर्यंत भांडी तशीच पडून राहिली तर ही वेळ हमखास निघून जाते. म्हणून पदार्थ दुसऱ्या भांड्यात काढला की लगेच पुसायचं काम उरकावं. पाहुणे दहा मिनिटं थांबतात.

पुसण्यालाही क्रम आहे. आधी रबरी किंवा सिलिकॉनचं उलथनं फिरवून सगळं डब्यात निपटून घ्या, मग कागद लावा. सुरुवातच कागदाने केली तर त्याचा लगदा होतो आणि तेल तिथंच राहतं. कागद गोल गोल फिरवू नका. तसं केलं की बुडाचं तेल कडांवर चढतं. कडेकडून बुडाकडे ओढत आणा आणि तिथे टिपून घ्या. काठाची दुमड आणि कानांच्या खालची जागा विसरू नका. पुसल्यावर भांडं थोडं चमकलं तरी हरकत नाही, पण बोट फिरवल्यावर माग उमटत असेल तर अजून एक कागद घ्या.

उशीर झाला आणि तूप थिजलंच, तर भांडं मंद आचेवर क्षणभर धरा. ‘पाणी घालून उकळा, सगळं सुटून येतं’ हा सल्ला देणाऱ्यांचं मात्र ऐकू नका. सुटून येतं हे खरं, पण पाण्यावर तरंगणारं तूप कागदाने कसं उचलणार? ते शेवटी सिंकमध्येच ओतलं जातं. कागद संपले असतील तर कोरडं पीठ भुरभुरा, थोड्या वेळाने ते तेलासकट गोळा करा आणि कचऱ्यात टाका.

रस्सा टाकायचा असेल आणि वर तवंग असेल तर आधी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तूप किंवा चरबी असेल तर सकाळी पापुद्रा अख्खा उचलता येतो. बहुतेक खाद्यतेलं थिजत नाहीत, ती पळीने वरच्या वर काढावी लागतात.

ताटातलं खरकटं कचऱ्यात निपटा, मगच ताट विसळा.

‘गरम पाणी आणि भरपूर साबण सोडला की झालं’ हे सगळ्यांत टिकाऊ खूळ. साबण तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात धरून ठेवतो, पण तेवढ्यापुरताच. पुढे पाणी निवतं, साबण विरळ होतो आणि तूप पाइपाच्या भिंतीला धरतं. गटारात गेल्यावर त्यातली मेदाम्लं कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा घट्ट साबण तयार होतो. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असा २५० मीटर लांब, सुमारे १३० टनांचा गोळा सापडला होता. त्यात ओले वाइप्सही अडकलेले होते. उकळतं पाणी तर नकोच. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं.

खायचा सोडा आणि व्हिनेगर फसफसतात छान, पण एकमेकांनाच मारतात. तुपाला ढिम्म फरक पडत नाही. पाणी साचलेल्या पाइपात कॉस्टिक सोडा ओतणं सरळ धोक्याचं आहे. तो तापतो, उडतो आणि नंतर पाइप उघडणाऱ्याचे हात भाजतो. त्यात ॲसिडचा क्लीनर तर कधीच मिसळू नका.

पाणी हळू जायला लागलंच असेल तर सिंकखाली बादली ठेवा आणि पाइपाचं वळण हाताने खोला. आत राखाडी, मेणासारखा थर असतो, त्यात रुतलेले अन्नाचे कण आणि तारेच्या घासणीचे तुकडे. तो खरवडून कागदावर घ्या. वळण सिंकमध्येच धुणारे महाभाग मी पाहिले आहेत. खालून पाइप काढलेला आहे हे त्यांना पाय भिजल्यावर आठवतं. परत बसवताना रबरी वायसर सरळ बसला आहे ना, ते बघा. वळण स्वच्छ निघालं तर तुंबलेलं पुढे आहे. मग प्लंबरला बोलवा.

राहिला डबा. तूप-चरबी थिजली की झाकण लावून कचऱ्यात द्या. पातळ तेल असेल तर आधी त्यात भुसा किंवा कागदाचे तुकडे मुरवा. वापरलेलं तेल गोळा करायची सोय असेल तर तिथे द्या, त्यापासून बायोडिझेल होतं. पण त्यात पाणी किंवा पीठ मिसळलेलं नको. शौचालयात ओतायचं नाही, तेही शेवटी गटारालाच जातं. तेलकट कागदांचा ढीग गॅसजवळ रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी घराबाहेर काढा.