वायर आणण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर फिरवून बघा

अ‍ॅम्प्लिफायर कपाटातून बाहेर ओढा, मागची धूळ पुसा आणि मोबाइलवर फोटो काढा. रेकॉर्ड प्लेअर, टीव्ही, मोबाइल जोडायला लागणाऱ्या वायरींच्या खरेदीची यादी त्या फोटोवरून करायची. अंदाजाने आणलेल्या दोन वायरी माझ्या खणात अजून पडून आहेत. मागे आरसीए सॉकेटच्या, म्हणजे रंगीत गोल भोकांच्या जोड्या दिसतील, लाल म्हणजे उजवं, पांढरं म्हणजे डावं. सीडी, ट्यूनर, ऑक्स यांपैकी कशातही सीडी प्लेअर किंवा ब्लूटूथ रिसिव्हर बिनधास्त लावा. 'टेप'ला दोन जोड्या असतात, त्यातली 'इन' किंवा 'प्ले' आपली. 'आउट'ला लावाल तर आवाज येणारच नाही.

फोनोचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या सॉकेटचं मात्र वेगळं. रेकॉर्ड प्लेअरच्या साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेला छोटा भाग) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअर २ व्होल्टच्या आसपास देतो. एवढासा सिग्नल मोठा करायचा आणि तबकडी कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज भरून काढायचा, हे काम फोनोच्या आतलं सर्किट करतं. मी एकदा भल्या सकाळी सीडी प्लेअर तिथे खुपसला. भूपाळीऐवजी असा फाटका आवाज निघाला की शेजारचे दार वाजवायला आले. उलट रेकॉर्ड प्लेअर ऑक्सला लावला, तर गाणं शेजारच्या इमारतीतून आल्यासारखं वाटतं. तुमच्या अ‍ॅम्पला फोनो नसेल तर तेच काम करणारी वेगळी डबी, म्हणजे फोनो प्रीअ‍ॅम्प घ्यावा लागेल, पण त्याआधी प्लेअरच्या मागे 'फोनो/लाइन' असं बटण आहे का ते बघा. असेल तर 'लाइन'वर करून ऑक्सला जोडा, पैसे वाचतील.

प्लेअरला एक बारीक सुटी वायर असते, बरेच जण ती गुंडाळून ठेवतात. ती अ‍ॅम्पच्या 'जीएनडी' (GND, म्हणजे ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूखाली कसायची, नाहीतर घूंऽऽ असा आवाज येत राहतो. म्हणून यादीत स्क्रू ड्रायव्हर हवा. प्लेअर अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवू नका, ट्रान्सफॉर्मरची घरघर कार्ट्रिज पकडतं. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या वाजवायच्या असतील तर प्लेअरला तो वेग हवाच, शिवाय जाड टोकाची वेगळी सुई हवी. नंतरच्या एलपी तबकड्यांची सुई त्या रुंद खाचेत तळाला घासत फिरते.

टीव्हीला फक्त ऑप्टिकल सॉकेट असेल तर मध्ये छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा साधा आवाजी सिग्नल करणारी डबी लागते, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' (PCM, साधा स्टिरिओ डिजिटल आवाज) या पर्यायावर ठेवायचा. मोबाइलसाठी एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए अशी वायर पुरते. फोनला ते भोकच नसेल तर डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकाला लावून हेडफोनचं भोक देणारा छोटा जोड. फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून अ‍ॅम्पवरून कमीजास्त करा.

जोडताना सगळं बंद, व्हॉल्यूम शून्यावर. शक्यतो विजेच्या सगळ्या पिना एकाच बोर्डावर लावा. स्पीकरच्या वायरी जिथे येतात तिथे बाहेरचं काही लावायचं नाही, अ‍ॅम्प जळेल. आणि पहिल्या चाचणीला आधीच ओरखडलेली एखादी तबकडी काढून ठेवा, आईची आवडती नको.