पेव्हर ब्लॉकचं अंगण: सिमेंटशिवाय पक्की फरसबंदी कशी करावी

पेव्हर बसवायचं ठरलं की कुणीतरी हमखास सुचवतं, "खाली सिमेंटचा माल टाका, म्हणजे हलायचं नाव नको." या सल्ल्याला नम्रपणे नकार द्या. पेव्हरची सगळी गंमत तो चिकटवलेला नसतो यातच आहे. दाबून घेतलेली खडी, तिच्यावर वाळूचा पातळ थर, त्यावर ब्लॉक, सांध्यांत बारीक वाळू आणि चारही बाजूंना घट्ट कडा, एवढ्यावर ही फरसबंदी टिकते. एका ब्लॉकवर भार आला की सांध्यातल्या वाळूच्या घर्षणामुळे तो शेजारच्या ब्लॉकांमध्ये वाटला जातो. खालची जमीन जराशी बसली, तर ब्लॉकही तिच्याबरोबर किंचित सरकतात, पण फुटत नाहीत. मालात पक्के केलेले ब्लॉक मात्र जमीन हलली की सांध्यावर तडकतात आणि खालची पाइपलाइन दुरुस्त करायची वेळ आली, तर फोडल्याशिवाय निघत नाहीत. नेदरलँड्समध्ये विटांचे रस्ते पूर्वापार वाळूवरच बसवले जात. दुसऱ्या महायुद्धानंतर विटांचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांच्या जागी काँक्रीटचे ब्लॉक आले. आजचे पेव्हर त्यांच्याच घराण्यातले.

आधी हिशेब

फक्त बसण्या-उठण्यासाठी, चालण्यासाठी जागा करायची असेल तर ६० मि.मी. जाडीचा ब्लॉक पुरतो. गाडी उभी राहणार असेल तर ८० मि.मी. घ्या आणि खालचा खडीचा थरही वाढवा: चालण्यासाठी दाबलेली १०० मि.मी., गाडीसाठी १५० ते २००. कडाक्याची थंडी पडून जमीन गोठत असेल किंवा माती चिकण असेल, तर याहूनही जास्त.

उदाहरणादाखल फक्त चालण्यासाठीची ४ मीटर बाय ३ मीटरची जागा घेऊ. क्षेत्रफळ १२ चौरस मीटर. २०० बाय १०० मि.मी.चे ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात, म्हणजे ६००. सरळ रचनेत कापण्या-तुटण्यासाठी ५ टक्के जादा धरा, तिरकी रचना असेल तर १० टक्के. दाबलेली खडी १.२ घनमीटर हवी, पण दाबल्यावर ती बसते, म्हणून साधारण १.५ घनमीटर मागवा. दहा-वीस ब्लॉक जपून ठेवा. पुढेमागे बदलायची वेळ आली तर त्याच रंगछटेचे मिळतीलच असं नाही.

रंगांबद्दल माझं मत ठाम आहे: दोनपेक्षा जास्त नकोत. एक मुख्य, एक काठासाठी. फार गडद रंग उन्हात पाय भाजवतो, फार फिका डोळ्यांवर येतो.

आखणी आणि ढाळ

जमिनीखाली वीज, पाणी, गॅस किंवा ड्रेनेजच्या लाइनी कुठून गेल्या आहेत हे पहिल्यांदा पाहून घ्या. मग खुंट्या ठोका आणि दोऱ्या ताणा. काटकोन तपासायला ३-४-५ चं माप वापरा: कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजलं की या दोन बिंदूंमधलं अंतर बरोबर ५ मीटर भरायला हवं. आपल्या उदाहरणातल्या जागेत तर दोन्ही कर्णच ५ मीटर आले की झालं.

ढाळ घरापासून बाहेरच्या दिशेने द्यायचा, ६० ला १ या बेताने. म्हणजे ३ मीटरच्या अंतरात बाहेरची कड ५० मि.मी. खाली. पेव्हरचा तयार पृष्ठभाग भिंतीतल्या डीपीसीच्या (ओल वर चढू न देणाऱ्या थराच्या) निदान १५० मि.मी. खाली राहू द्या, नाहीतर ओल भिंतीत चढते. बाहेरच्या बाजूला कुंपणभिंत असेल आणि पाण्याला जायला वाटच नसेल, तर त्या कडेने जाळीची नाली घ्यावी लागेल. याचा विचार आत्ताच करा. ब्लॉक बसल्यावर नाली घालणं म्हणजे काम दुप्पट.

दोऱ्या तयार पृष्ठभागाच्या उंचीवर आणि ढाळातच बांधा. पुढची सगळी मापं या दोरीपासून खाली घ्यायची आहेत.

खोदाई

दोरीपासून खाली ६० मि.मी. ब्लॉक, २५ वाळू, १०० खडी, म्हणजे १८५ मि.मी. खोदायचं. रुंदीला प्रत्येक बाजूने १५० मि.मी. जास्त खोदा, कडेच्या आधाराला जागा लागते. काढलेली माती सुटी झाल्यावर चांगलीच फुगते, ती कुठे टाकायची हे आधी ठरवा.

मुळं, पालापाचोळा, भुसभुशीत माती सगळी काढून टाका. एखादी जागा पायाखाली दबत असेल तर तिथे आणखी खोल जाऊन खडी भरा. खड्ड्याच्या तळालाही तोच ढाळ हवा. तळ सपाट ठेवून ढाळ वाळूने काढायचा प्रकार सर्रास चालतो, पण तो चुकीचा आहे. वाळू जिथे जाड तिथे जास्त बसणार, आणि काही महिन्यांत नेमक्या त्याच बाजूला डबकं साचणार. तळ धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टरने (थरथरत जमीन दाबणाऱ्या यंत्राने) दाबून घ्या. चिकण माती असेल तर तिच्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. माती आणि खडी एकमेकांत मिसळत नाहीत आणि पाणीही अडत नाही. प्लॅस्टिकचा कागद मात्र घालू नका, त्याच्यावर पाणी साचून राहतं.

खडीचा थर

२० मि.मी.पासून चुऱ्यापर्यंत सगळ्या आकारांची मिश्र फोडलेली खडी घ्या. एकाच मापाची गोल गोटी दाबली तरी एकमेकांत बसत नाही. साधारण ७५ मि.मी.चे सुटे थर टाका आणि प्रत्येक थर वेगळा दाबा. सगळी खडी एकदम ओतून वरून कॉम्पॅक्टर फिरवला, तर वरचा भाग कडक आणि खालचा पोकळ राहतो. खडी किंचित ओलसर हवी: मूठ वळल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. प्रत्येक थरावर तीन-चार फेऱ्या, दर वेळी दिशा बदलून.

झालं की टाचेने जोरात दाबून पाहा, खूण उमटता कामा नये. मग लांब सरळ पट्टी ठेवा. खाली १० मि.मी.पेक्षा जास्त फट दिसली तर तिथे खडी टाकून पुन्हा दाबा. अख्ख्या कामातला सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि अंगण किती वर्षं टिकणार तेही इथेच ठरतं.

कडा

सिमेंट वापरायची जागा ही. काठाला कर्बचे दगड किंवा उभ्या ब्लॉकची रांग काँक्रीटमध्ये बसवा आणि बाहेरच्या अंगाने काँक्रीटचा उतरता टेकू द्या. कड मोकळी राहिली तर काठचे ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, सांधे उघडतात, वाळू निघून जाते आणि मग आतल्या ओळीही सैल पडतात. दोन बाजू आधी पक्क्या करा. उरलेल्या दोन बाजू, ब्लॉक बसवून झाल्यावर, म्हणजे कापाकापी कमी होते. शेजारी हिरवळ असेल तर काठ तिच्या मातीच्या पातळीत ठेवा, गवत कापायचं यंत्र वरून सरळ फिरतं.

वाळू

बिछान्याची वाळू जाडसर, धुतलेली, कंगोऱ्यांची हवी. क्रशरची कच स्वस्त पडते म्हणून ती खपवली जाते. तिच्यातला बारीक चुरा पाणी धरून ठेवतो आणि भाराखाली सरकतो, म्हणून ती टाळा. समुद्राची खारी वाळूही नको.

३० मि.मी. जाडीच्या दोन नळ्या खडीवर समांतर ठेवा (ब्लॉक दाबल्यावर हा थर २५ पर्यंत बसतो), मध्ये वाळू टाका आणि नळ्यांवरून सरळ पट्टी स्वतःकडे ओढत या. पट्टी किंचित डावी-उजवी हलवत ओढली की वाळू एकसारखी पसरते. पुढे जमा झालेली जादा वाळू फावड्याने उचला. मग नळ्या अलगद काढा आणि राहिलेल्या चरांत थापीने वाळू भरा. हा थर ब्लॉक बसवण्याआधी दाबायचा नाही आणि त्यावर पायही ठेवायचा नाही. जेवढं त्या दिवशी बसणार तेवढंच पसरा.

ब्लॉक बसवणं

सरळ, पक्क्या कडेपासून सुरुवात करा आणि बसवलेल्या ब्लॉकवर उभं राहून पुढे सरका. ब्लॉक सरळ खाली ठेवायचा, वाळूवरून घासत ढकलायचा नाही. घासला की वाळू सांध्यात घुसते आणि ओळ सुतातून जाते. सांधा २ ते ४ मि.मी.चा. बऱ्याच ब्लॉकांना बाजूला बारीक उंचवटे असतात, त्यांनी हे अंतर आपोआप राखलं जातं. दर तीन-चार ओळींनी दोरी लावून पाहा. रबरी हातोडीने कडेने हळूच सरकवा, पण ठोकून खाली बसवायच्या भानगडीत पडू नका, ते काम यंत्राचं. तीन-चार गठ्ठ्यांतून आलटून पालटून ब्लॉक घ्या, म्हणजे रंगातला फरक पट्ट्यांसारखा दिसत नाही.

गाडीच्या जागेत हेरिंगबोनच (ब्लॉक एकमेकांना काटकोनात गुंफलेली नागमोडी रचना) करा. चाकाने ब्रेक लावला की ताण पुढे लोटला जातो आणि या रचनेत तो अनेक दिशांना विभागला जातो. बाकी ठिकाणी तुमची आवड. कापलेला तुकडा पूर्ण ब्लॉकच्या एक तृतीयांशापेक्षा लहान नको. तसा येत असेल तर शेजारचा ब्लॉकही कापून दोन मध्यम तुकडे करा. डायमंड ब्लेडने कापताना पाणी सोडा आणि चांगला मास्क लावा. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसाला घातक असते.

झाडाच्या बुंध्याभोवती मोठं वर्तुळ उघडं ठेवा. बागेतली पायवाट एकट्या माणसाला ९० सें.मी., दोघांना शेजारी चालायला १२० सें.मी. हवी.

दाबणं आणि सांधे भरणं

कॉम्पॅक्टरच्या तळाला रबरी पॅड लावा, नाहीतर ब्लॉकवर ओरखडे उठतात. पहिली फेरी ब्लॉक खाली बसवण्यासाठी. मोकळ्या कडेच्या मीटरभर आत थांबा. या फेरीत खालची वाळूही सांध्यांत थोडी वर चढते. मग सांध्यांची बारीक, पूर्ण कोरडी वाळू झाडूने तिरकी ओढत भरा. ओलसर वाळू सांध्याच्या तोंडाशीच अडकते आणि खाली पोकळी राहते. पुन्हा कॉम्पॅक्टर, पुन्हा वाळू. सांधे वरच्या कडेच्या ३ मि.मी. खालपर्यंत भरेपर्यंत हेच चालू. शेवटी घराच्या बाजूने दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे थांबतं का पाहा.

नंतरची देखभाल

पहिल्या काही महिन्यांत पांढुरकी पावडर आली तर घाबरू नका. सिमेंटमधला चुना वर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतो, त्याचा तो थर. बहुतेक वेळा पाऊस-पाण्याने हळूहळू जातो. लगेच ॲसिड ओतलं तर ब्लॉकचा पृष्ठभाग खरखरीत होतो. सांध्यात उगवणारं गवत बहुतेक वरून उडून आलेल्या बियांचं असतं, त्यामुळे नियमित झाडणं हाच पहिला उपाय. प्रेशरच्या पाण्याने धुताना फवारा सांध्यावर थेट मारू नका आणि धुतल्यावर वाळू परत भरा.

एखादा ब्लॉक खाली बसला तर दोन्ही बाजूंच्या सांध्यांत पातळ पट्ट्या घालून तो आलटून पालटून वर उचकटा. पहिला निघायला वेळ लागतो, पुढचे हाताने निघतात. खालची वाळू मोकळी करा, कमी पडलेली भरा आणि ब्लॉक शेजाऱ्यांपेक्षा पाचेक मि.मी. वर राहील असा ठेवा. वर लाकडी फळी ठेवून हातोड्याने ठोकला की तो बरोबरीला येतो. सांध्यात कोरडी वाळू झाडली की लगेच चालायला मोकळा.