पेलेट्रॉनच्या बीमचा हिशेब कसा ठेवावा

पेलेट्रॉन म्हणजे आयनांना विद्युत व्होल्टेजने वेग देणारे यंत्र. त्याच्या प्रवेशाच्या कपावर, म्हणजे बीमचा (आयनांच्या झोताचा) प्रवाह मोजणाऱ्या भांड्यावर, १०० नॅनोअँपिअर आणि विश्लेषक मॅग्नेटच्या पुढील कपावर १०५ नॅनोअँपिअर असे आकडे दिसले, की नवख्या माणसाला बीम जराही न गळता खाली पोहोचल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात १०० पैकी ८५ आयन वाटेतच हरवलेले असू शकतात. पेलेट्रॉन चालवताना आणि त्याची कामगिरी सुधारताना बहुतेक चुका या हिशेबापासून सुरू होतात, म्हणून कोणताही नॉब फिरवण्याआधी हा हिशेब नीट मांडायला शिकावे. पुढील सूचना टँडेम पद्धतीच्या यंत्राला धरून आहेत. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, भाभा अणुसंशोधन केंद्र आणि ही संस्था यांचे १४ दशलक्ष व्होल्ट क्षमतेचे असे यंत्र १९८८च्या अखेरीपासून आहे. ते उभे आहे. आयन स्रोत वर आणि विश्लेषक मॅग्नेट तळाशी.

यंत्राचे काम थोडक्यात असे. स्रोतात सीझियमच्या माऱ्याने तयार झालेले ऋण आयन टँकच्या, म्हणजे विद्युतरोधक वायूने भरलेल्या मोठ्या टाकीच्या, मध्यावरील धन टर्मिनलकडे (उच्च व्होल्टेजच्या भागाकडे) ओढले जातात, तेथे कार्बनच्या अतिशय पातळ फॉइलमधून जाताना त्यांचे अनेक इलेक्ट्रॉन झडतात, आणि आता धन झालेले तेच आयन त्याच टर्मिनलकडून दूर ढकलले जातात. एकाच व्होल्टेजचा असा दोनदा उपयोग होत असल्यामुळे टर्मिनलचे व्होल्टेज आणि प्रभारापेक्षा एकने मोठी संख्या यांच्या गुणाकारातून ऊर्जा मिळते. टर्मिनल १२ दशलक्ष व्होल्टवर असेल, तर ७+ प्रभाराच्या ऑक्सिजनला ९६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि ६+ प्रभाराच्या ऑक्सिजनला ८४ एमईव्ही ऊर्जा मिळते. स्रोताजवळ दिलेली थोडीशी ऊर्जा त्यात मिळवायची.

आता वरच्या कोड्याकडे वळू. स्रोतातून येणाऱ्या प्रत्येक ऑक्सिजन आयनावर एकच ऋण प्रभार असतो, त्यामुळे १०० नॅनोअँपिअर म्हणजे तितकेच ‘कण-नॅनोअँपिअर’. खाली मात्र प्रत्येक आयन सात प्रभार घेऊन कपात पडतो, म्हणून १०५ला ७ने भागावे लागते आणि उत्तर १५ येते. पारगमन, म्हणजे वरून निघालेल्यांपैकी खाली पोहोचलेल्या आयनांचे प्रमाण, १५ टक्के आहे, १०५ टक्के नव्हे. हा भागाकार फक्त विश्लेषक मॅग्नेटच्या पुढील कपासाठीच करावा. टँक आणि मॅग्नेट यांच्या मधल्या कपात सर्व प्रभारांचे आयन एकत्र पडत असल्याने तो आकडा कशानेही भागला तरी कणांची संख्या सांगत नाही. तो केवळ बीम वरखाली होतो आहे का हे पाहण्यापुरता वापरावा.

कपावरच विश्वास ठेवायचा, तर कप खरे बोलतो ना, हे आधी पाहावे. आयन आदळल्यावर कपाच्या तळातून दुय्यम इलेक्ट्रॉन उडतात आणि ते परत ढकलण्यासाठी कपाच्या तोंडाशी काही शे व्होल्टचे ऋण व्होल्टेज दिलेले असते. ते बंद पडले, तर धन बीमचा आकडा फुगतो, कारण ऋण प्रभार बाहेर पळाला की मीटरला तो धन प्रभार आत आल्यासारखाच दिसतो; ऋण बीमचा आकडा मात्र त्याच कारणाने घटतो. म्हणजे वरचा कप कमी आणि खालचा कप जास्त दाखवतो आणि दोन्ही चुका पारगमन खोटेच वाढवतात. आकडे अचानक सुधारले, तर प्रथम हे दमन-व्होल्टेज तपासावे. माझ्या मते चांगली बातमी तपासण्याची ही सवय वाईट बातमी तपासण्याच्या सवयीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

बीम जुळवण्याचे काम नेहमी स्रोताकडून खाली करत न्यावे. प्रथम इंजेक्टर मॅग्नेट हव्या त्या वस्तुमानावर आणावा आणि शेजारची शिखरेही पाहून घ्यावीत: ऑक्सिजनच्या १६च्या शेजारी १७वर हायड्रॉक्सिल दिसते, आणि १३ या वस्तुमानावर कार्बनचे जड समस्थानिक असते तसेच कार्बन व हायड्रोजन यांचा जोडही असतो. नायट्रोजनची गोष्ट वेगळी आहे. त्याचा टिकाऊ ऋण आयन बनत नाही, म्हणून सायनाइड आयन म्हणजे २६ वस्तुमानाचा रेणू सोडावा लागतो, जो फॉइलवर फुटतो. टर्मिनलपर्यंत कमावलेली ऊर्जा तेथे वस्तुमानाच्या प्रमाणात वाटली जाते. १२ दशलक्ष व्होल्टवर नायट्रोजनच्या वाट्याला १४/२६ म्हणजे सुमारे ६.५ एमईव्ही येतात आणि ६+ प्रभाराने शेवटी ८४ऐवजी सुमारे ७८.५ एमईव्ही मिळतात. साध्या सूत्राने मॅग्नेट लावून तासभर बीम शोधत बसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

त्यानंतर टँकच्या तोंडाशी असलेले, बीम एकवटणारे भिंग आणि बीमची दिशा किंचित वळवणारे स्टीअरर जुळवावेत. येथे केवळ पुढच्या कपाचा आकडा वाढवत गेल्यास फसगत होते, कारण भिंगाच्या अक्षापासून सरकलेला बीमही दोन स्टीअररांच्या ओढाताणीतून बऱ्यापैकी आकडा देऊ शकतो. खात्री करायची असेल, तर भिंगाची किंवा क्वाड्रुपोलची (चार ध्रुवांच्या भिंगाची) ताकद थोडी कमीजास्त करावी आणि बीमचा आकार दाखवणाऱ्या प्रोफाइल मॉनिटरवर त्याचा ठिपका पाहावा. ठिपका जागच्या जागी लहानमोठा होत असेल, तर बीम मध्यातून जात आहे. तो बाजूला सरकत असेल, तर भिंगाच्या अलीकडचा स्टीअरर बदलून पुन्हा पाहावे. एका वेळी एकच नॉब फिरवावा आणि फिरवण्याआधीचा आकडा लॉगबुकात लिहावा. चार नॉब एकदम फिरवून मिळालेला उत्तम बीम दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा करता येत नाही.

विश्लेषक मॅग्नेट ठरावीक संवेग आणि प्रभार यांच्या गुणोत्तराचेच आयन वळवून पुढे सोडतो. वर घेतलेल्या ९६ एमईव्हीच्या ७+ ऑक्सिजनसाठी चुंबकीय क्षेत्र आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार सुमारे ०.८१ टेस्ला-मीटर येतो, तर ८४ एमईव्हीच्या ६+ साठी ०.८८. हे आकडे आधी काढून ठेवले की चुकीच्या प्रभाराच्या बीमवर तासन्‌तास मेहनत करण्याचा प्रसंग येत नाही. क्षेत्र लावताना दर वेळी एकाच बाजूने, म्हणजे वरून खाली किंवा खालून वर, यावे. लोखंडाला मागची आठवण राहते आणि दिशा बदलली की तोच विद्युतप्रवाह वेगळे क्षेत्र देतो. क्षेत्र एनएमआर (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादावर चालणाऱ्या) मापकाने मोजावे आणि त्याचा ऊर्जेशी असलेला संबंध ज्ञात अभिक्रियेने पडताळावा. त्यासाठी कार्बन-१२वरील प्रोटॉनचे १४.२३ एमईव्हीचे अरुंद अनुनाद-शिखर सोयीचे आहे, कारण टर्मिनल ७.१ दशलक्ष व्होल्टच्या आसपास ठेवून ते गाठता येते.

मॅग्नेटनंतरच्या दोन स्लिटांवर, म्हणजे बीमच्या दोन बाजूंना बसवलेल्या कडांवर, पडणारा प्रवाह समसमान ठेवावा. टर्मिनलचे व्होल्टेज किंचित वाढले, की बीम एका स्लिटकडे झुकतो, आणि दोन्ही स्लिटांच्या प्रवाहांतील फरक पाहून टर्मिनलसमोरील टोकदार कोरोना सुईमार्गे टर्मिनलवरील थोडा प्रभार कमीजास्त केला जातो. बीम फार क्षीण असेल, तर स्लिटांना पुरेसा संकेत मिळत नाही. तेव्हा नियंत्रण व्होल्टमीटरवर द्यावे आणि ऊर्जेचा पसारा थोडा वाढेल हे प्रयोग करणाऱ्यांना आधीच सांगावे. व्होल्टेज वर नेताना मात्र घाई करू नये. आयन जिच्यातून जातात त्या प्रवेग नळीतील निर्वात आणि क्ष-किरणांची पातळी पाहत, जितके कमाल क्षमतेजवळ जाऊ तितक्या लहान पायऱ्यांनी चढावे. एखादी ठिणगी पडल्यास काही पायऱ्या मागे येऊन यंत्र स्थिरावू द्यावे.

सुधारणेचा प्रश्न येतो, तेव्हा बहुतेकांचे लक्ष आधी महागड्या भागांकडे जाते, पण तोटा कुठे होतो हे हिशेबातून दिसल्याशिवाय काहीही बदलू नये. वरच्या उदाहरणातील १५ टक्क्यांमध्ये निसर्गाचाच मोठा वाटा आहे: १२ एमईव्हीचा ऑक्सिजन फॉइलमधून गेल्यावर आयन ५+, ६+, ७+ अशा अवस्थांत विभागले जातात आणि त्यांत ६+ सर्वाधिक असतात. कितीही जुळवणी केली, तरी ७+ वाल्यांच्या वाट्यापेक्षा जास्त बीम मिळणार नाही. प्रयोगाला ८४ एमईव्ही चालत असतील, तर ६+ निवडणे हीच सर्वांत स्वस्त सुधारणा ठरते.

उरलेला तोटा ओळखण्यासाठी त्याची चाल पाहावी. पारगमन दिवसेंदिवस हळूहळू घसरत असेल आणि प्रोफाइल मॉनिटरवरचा ठिपका पसरत असेल, तर फॉइलवर संशय घ्यावा. माऱ्याखाली तिच्यावर उरलेल्या वायूंतील कार्बन साचतो, ती जाड होते आणि आयन अधिक विखुरतात. जड आयनांखाली फॉइल लवकर फाटते, तेव्हा विश्लेषणानंतरचा बीम एकदम जवळजवळ शून्यावर येतो. दोन्ही वेळी टर्मिनलमधील पुढची फॉइल आणावी आणि तिचा क्रमांक, वेळ व पहिले पारगमन लिहून ठेवावे. मात्र नव्या फॉइलनेही आकडा वर आला नाही, तर निर्वाताकडे वळावे: प्रवेग नळीच्या वरच्या अर्ध्यात वायू वाढला, की ऋण आयन टर्मिनलला पोहोचण्याआधीच आपला जादा इलेक्ट्रॉन गमावून उदासीन होतात आणि त्यांच्यावर व्होल्टेजचा काहीच जोर चालत नाही. या वेळी मॅग्नेट ६+ वर आणि मग ७+ वर नेऊन दोन्हींचे कण-प्रवाह मोजावेत. दोन्ही पूर्वीच्या नोंदींच्या तुलनेत एकाच प्रमाणात घटले असतील, तर गळती बहुधा फॉइलच्या आधीची आहे. एकच घटला असेल, तर त्या प्रभारासाठी टँकखालच्या क्वाड्रुपोलची जुळवणी पुन्हा तपासावी.

बीम पुढे अतिवाहक लिनॅकमध्ये (सरळ रेषेतील पुढच्या प्रवेगकात) जायचा असेल, तर आणखी एक अट येते. मुंबईच्या लिनॅकमधील शिशाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पोकळ्या १५० मेगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे आयन अखंड धारेने न येता वेळेवर आलेल्या पुंजक्यांनी यावे लागतात; बंचरमधून, म्हणजे पुंजके बनवणाऱ्या भागातून, निसटलेले आयन पेलेट्रॉनच्या कपावर पूर्ण मोजले जातात, पण पुढे उपयोगी पडत नाहीत. म्हणून लिनॅकसाठी पारगमनाच्या रकान्याशेजारी पुंजक्यांत आलेल्या बीमचा वेगळा रकाना ठेवावा.

टँक उघडायची वेळ आली, तर आतील विद्युतरोधक वायू सल्फर हेक्झाफ्लोराइड पूर्णपणे साठवण टाकीत परत ओढून घ्यावा. तो हवेच्या सुमारे पाचपट जड असून खोलगट जागी साचतो आणि माणसाला गुदमरवू शकतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो. टँकमध्ये ताजी हवा खेळवून प्राणवायूची पातळी मोजल्याशिवाय कोणीही आत उतरू नये.