वर्क परमिटच्या अर्जात या चुका टाळा रे बाप्पा

परदेशात शिक्षण संपलं की परमिट आपोआप मिळते असं समजणारे पोट्टे दरवर्षी भेटतात, आणि त्यांचे आईवडील पण. आपोआप काही होत नाही. स्टडी व्हिसा वेगळा, परमिट वेगळा, त्याची फी वेगळी, मुदत वेगळी.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवतात ते कॅनडावाले. अ‍ॅडमिशनच्या वेळी आयईएल्टीएस ही इंग्रजीची टेस्ट दिलेली असते, बँड पण मस्त, मग पीजीडब्ल्यूपीच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या वर्क परमिटच्या, अर्जाला तोच स्कोअर चिकटवून मोकळे. अरे, ती अकॅडेमिक होती ना! १ नोव्हेंबर २०२४ पासून या अर्जाला भाषेचा पुरावा लागते आणि त्यात अकॅडेमिक चालतच नाही. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस जनरल ट्रेनिंग, सेल्पिप नाहीतर पीटीई कोअर यातली एक टेस्ट, आणि रिझल्ट दोन वर्षांच्या आतला. युनिव्हर्सिटीची डिग्री असली तर सीएलबी (कॅनडाचं भाषेच्या पातळीचं माप) ७, म्हणजे आयईएल्टीएस जनरलमध्ये चारही भागांत किमान ६. मानेवाड्याच्या एका पोराने मास्टर्स करून नेमकं हेच केलं. धरमपेठेतल्या त्याच्या एजंटने म्हणे "स्कोअर आहे ना, बस झालं". अर्ज रिजेक्ट झाला, लागलेली नोकरी त्याच दिवशी थांबवावी लागली, परत टेस्ट, परत फी, तिथे राहायचं कायदेशीर स्टेटस रिस्टोर करायचे पैसे वेगळे, इकडे आई रोज रात्री मला फोन करून राहिली की आता कसं होईल हो. कोर्स संपल्यापासून अर्जाला असलेली १८० दिवसांची मुदत शिल्लक होती म्हणून निभावलं. एजंटला विचारलं तर म्हणे नियम बदलते राहतात. मग तू पैसे कायचे घेते बे? मी तरी सरकारी साइटवरचं पान त्याच दिवशी उघडून वाचल्याशिवाय कोणाचाच फॉर्म बघत नाही.

पासपोर्ट आधी रिन्यू करा. मास्टर्सवाल्याला तीन वर्षांचा परमिट मिळू शकते, पण पासपोर्ट वर्षभरात संपत असेल तर परमिटही तिथेच संपते, उरलेल्यासाठी परत अर्ज.

अमेरिकावाल्यांनो, कॉलेजच्या डीएसओने (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारा अधिकारी) सेव्हिस या सरकारी सिस्टीममध्ये ओपीटीची, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीची, शिफारस टाकली की ३० दिवसांत आय-७६५ हा अर्ज गेला पाहिजे. "कोर्स संपल्यावर ६० दिवस असतात ना" म्हणत निवांत बसणारे इथेच अडकतात, दोन्ही मुदती पाळाव्या लागतात. ओपीटी सुरू झाल्यावर बेकार बसायला एकूण ९० दिवस, बस. आणि स्टेम एक्स्टेन्शन (सायन्स, इंजिनीअरिंगवाल्यांना ओपीटीची वाढीव मुदत) पाहिजे तर कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणीच्या सिस्टीममध्ये आहे का ते ऑफर घ्यायच्या आधी विचारा, लाजू नका.

यूकेचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर काम करायचा, तिथे राहूनच आणि स्टुडंट व्हिसा संपायच्या आत मागावा लागते, बहिणीच्या लग्नाला नागपुरात आलात तर इथून अर्ज टाकता येत नाही.

जर्मनीत डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण तोही परमिट मागावाच लागते.

आणि गल्फला व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो म्हणणाऱ्या माणसाला एक रुपया देऊ नका. त्याचा लायसन्स नंबर मागा आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः टाकून बघा.