रक्तातल्या लिम्फोमा पेशी आणि मॉलिक्युलर लॅबची नोकरी: नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगलीच्या विलिंग्डनमधून, साताऱ्याच्या रयतच्या कॉलेजातून किंवा कराडहून एम.एस्सी. करून मिरजेच्या लॅबमध्ये येणारी मुलं सुरुवातीलाच एक प्रश्न हमखास विचारतात. "रक्तातून कॅन्सर कळतो ना? मग गाठ काढून तपासायची कशाला?"

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर असला तरी त्याचा मुक्काम बहुतेक वेळा लसीका ग्रंथीत असतो. मॅन्टल सेलसारखे काही प्रकार रक्तात बऱ्यापैकी उतरतात, फॉलिक्युलर कधी उतरतो कधी नाही, लार्ज बी सेलच्या पेशी रक्तात क्वचितच भेटतात आणि हॉजकिनच्या तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे निदान गाठीच्या बायोप्सीवर होतं. रक्ताच्या जनुकीय तपासणीचं खरं काम त्यानंतरचं: केमोनंतर काही उरलंय का, परत डोकं वर काढतंय का, रक्तात दिसणारे हे जास्तीचे लिम्फोसाइट त्या गाठीचेच भाऊबंद आहेत का. पेशींवरच्या खुणा बघून त्या ओळखणारी फ्लो सायटोमेट्री आधी होते, आपली पाळी त्याच्या मागून येते. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं.

तत्त्व थोडक्यात. बी पेशी हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार. प्रत्येक बी पेशी तयार होताना १४व्या गुणसूत्रावरचे व्ही, डी, जे हे जनुकांचे तुकडे कापून-जोडून आपली स्वतःची जोडणी बनवते. हे शोधून काढल्याबद्दल सुसुमु तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं. निरोगी रक्तात हजारो वेगवेगळ्या जोडण्या असतात. लिम्फोमा म्हणजे एकाच पेशीची पिलावळ, म्हणून सगळ्यांची जोडणी एकच. पीसीआर करून, म्हणजे डीएनएच्या त्या भागाच्या असंख्य प्रती काढून, तुकडे लांबीप्रमाणे वेगळे केले की निरोगी नमुन्यात तीन-तीन बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) अंतराने उभ्या शिखरांची टेकडी दिसते. क्लोन, म्हणजे अशी एकाच पेशीची पिलावळ, असेल तर त्या टेकडीतून एकच सुळका वर येतो. यासाठी लागणारे प्रायमर (प्रत काढायला जिथून सुरुवात होते ते डीएनएचे छोटे तुकडे) २००३ मध्ये युरोपातल्या बायोमेड-२ गटाने ठरवून दिले आणि अजूनही बहुतेक ठिकाणी त्याच धर्तीवर काम चालतं.

सुळका दिसला की नवा माणूस उड्या मारायला लागतो. थांबा. रिट्युक्सिमॅब हे बी पेशी मारणारं औषध घेतलेल्या पेशंटच्या रक्तात निरोगी बी पेशीही जवळजवळ संपलेल्या असतात. उरलेल्या चार-दोन पेशींचीच शिखरं उंच दिसतात आणि क्लोन असल्याचा भास होतो. म्हणून नमुना दोनदा लावायचा. दोन्हीकडे त्याच लांबीला शिखर आलं, आणि ते मूळ गाठीच्या शिखराशी जुळलं, तरच बोलायचं. मूळ गाठीचा डीएनएच कोणी जपून ठेवलेला नसेल तर रक्तातल्या शिखराची तुलना करणार कशाशी? ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागवा, रेफर करणाऱ्या डॉक्टरांच्या मागे लागा, लाजू नका.

उलटी चूकही तितकीच सहज होते. फॉलिक्युलर लिम्फोमात या जनुकांमध्ये इतके बदल झालेले असतात की प्रायमर चिकटतच नाही. रक्तात क्लोन असतो, पण आलेखात सुळका नाही. म्हणून अँटीबॉडीच्या हलक्या साखळीच्या कप्पा जनुकाचीही तपासणी जोडीला लावतात. फॉलिक्युलरमध्ये १४ आणि १८ या गुणसूत्रांची अदलाबदल शोधणारी वेगळी पीसीआरही असते. ती अतिशय संवेदनशील आहे, पण हीच अदलाबदल झालेल्या थोड्या पेशी अनेक धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतात, वय वाढेल तसं जास्तच. त्यामुळे नुसत्या त्या एका पॉझिटिव्हवर कुणाला लिम्फोमा आहे असं म्हणता येत नाही. माझ्या मते मुलाखतीत उमेदवाराला विचारण्यासारखा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

आता हिशेब. सगळ्या कामाचा जीव यात आहे आणि नेमकं हेच कॉलेजात कुणी घोटून घेत नाही. एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. नळीत १०० नॅनोग्रॅम टाकलात म्हणजे जेमतेम १५ हजार पेशी पाहिल्यात. मग "लाखात एक पेशीसुद्धा नाही" असं रिपोर्टमध्ये कसं लिहिणार? लाखात एक पेशी ९५ टक्के खात्रीने पकडायची तर तीन लाख पेशी पाहाव्या लागतात, म्हणजे सुमारे २ मायक्रोग्रॅम डीएनए. दहा लाखात एक पकडायची तर २० मायक्रोग्रॅम. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तातून हल्ली २० ते ४० मायक्रोग्रॅम सहज निघतो, पण केमो चालू असताना पांढऱ्या पेशीच उतरलेल्या असतात, तिथे हात आखडतो. मशीन कितीही महाग असो, जे नळीत पडलंच नाही ते तिला दिसणार नाही. म्हणून "सापडलं नाही" या शब्दांपुढे "इतक्या पेशींमध्ये" हे आलंच पाहिजे. साध्या शिखरवाल्या पद्धतीला तर शंभरात एक ते पाच पेशी असल्याशिवाय काही दिसत नाही. ती उरलेला आजार शोधायला वापरू नका.

बल्बकडे, म्हणजे रक्त ज्यात येतं त्या नळीकडे, लक्ष ठेवा. जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब हवा. हिरव्या टोपणाचा हेपरिनचा आला तर परत पाठवा, हेपरिन पीसीआर अडवतं. आटपाडी, जत, अथणी, विजापूरकडून नमुने येतात. बल्ब कुठून किती वाजता निघाला हे फॉर्मवर नसेल तर फोन करून विचारा. जोडण्यांच्या तपासणीला एक-दोन दिवसांनी फारसा फरक पडत नाही, पण प्लाझ्मातल्या (रक्ताच्या पेशींवेगळ्या पिवळसर द्रवातल्या) मोकळ्या डीएनएचं काम असेल तर पडतो. लार्ज बी सेलसारख्या आजारात पेशी रक्तात नसल्या तरी मरणाऱ्या पेशींचे सुमारे १६६ बेसचे तुकडे प्लाझ्मात तरंगत असतात आणि नवी तपासणी त्यांच्यावर चालते. बल्ब तसाच पडून राहिला की चांगल्या पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएच्या पुरात लिम्फोमाचे तुकडे हरवतात. साध्या ईडीटीएमध्ये चार-सहा तासांत प्लाझ्मा वेगळा करायचा, नाहीतर पेशी फुटू न देणारे खास बल्ब वापरायचे. २०१९ च्या महापुरात इथले रस्ते बंद झाले तेव्हा नमुना पुण्या-मुंबईला जाईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. प्लाझ्मा इथेच फिरवून गोठवायचा, डीएनए इथेच काढायचा. पावसाळ्यात मी आजही तेच सांगते.

सेंट्रीफ्यूजमधून बल्ब बाहेर काढला की खाली लाल, वर पिवळसर, आणि मध्ये नखाएवढा पांढुरका थर. प्लाझ्मा घेताना पिपेटचं टोक त्या थरापासून अर्धा सेंटीमीटर वरच थांबवा. थोडा प्लाझ्मा वाया जाऊ द्या. लोभाने खाली गेलात तर तो पांढरा थर वर उडतो आणि नमुना गेला. प्लाझ्मा दुसऱ्यांदा जोरात फिरवायचा तोही राहिलेल्या पेशी बसाव्यात म्हणूनच.

पेशंटचे नातेवाईक काउंटरवर येतात. "ताई, रक्तात काही नाही म्हणजे आजोबा बरे झाले ना?" त्यांना काहीही सांगायचं नाही, प्रेमाने डॉक्टरांकडे पाठवायचं. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते आणि अर्थ ऑन्कोलॉजिस्ट लावतात, कारण गाठी, पेट स्कॅन, आधीचे रिपोर्ट सगळं त्यांच्यासमोर असतं.

शिक्षणाबद्दल. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, केलेल्यांचा हात रक्ताला सरावलेला असतो, बायोटेकवाल्यांना पीसीआर कळलेली असते. दोघांनाही दुसऱ्याचं शिकावं लागतं आणि सहसा डीएमएलटीवाले लवकर रुळतात. सुरुवातीचा पगार फार नसतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढे संशोधनात जायचं असेल तर नेट द्या, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) किंवा पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) नजरेसमोर ठेवा. सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएची अक्षरं क्रमाने वाचून निघालेला, डेटा वाचता येणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शिकलात तर फायदाच.

मुलाखतीला जाल तेव्हा त्यांनाही प्रश्न विचारा. पीसीआरच्या आधीची खोली आणि नंतरची खोली वेगळी आहे का? नंतरच्या खोलीतला पेन, वही, एप्रन आधीच्या खोलीत येतो का? प्रत्येक रनला पाण्याचा रिकामा नमुना लावतात का, आणि त्यात शिखर आलं तर काय करतात? जनरेटरवर डीप फ्रीझर आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर पगार चांगला असला तरी दुसरीकडे बघा.