नेट स्लो नाही हो, राउटर माळ्यावर आहे!

टीव्हीवर ते गोल चक्र फिरायला लागलं की आपल्याकडे दोन उपाय ठरलेले. राउटर बंद-चालू करायचा आणि नेटवाल्याला शिव्या घालायच्या. तेवढ्यानं भागलं नाही की मोठा प्लॅन. सोसायटीत कुणाचं नेट अडलं की बोलावणं मला येतं, आणि निम्म्या घरांत प्लॅन आधीच वाढवून झालेला असतो. चक्र फिरतंच आहे, कारण अडलंय कुठे हे कुणी बघितलेलंच नसतं.

आकडेच बघा. नेटफ्लिक्सला १०८०पी साठी ५ एमबीपीएस पुरतात, ४के साठी १५. म्हणजे ४० एमबीपीएसच्या साध्या प्लॅनवर दोन टीव्ही ४के मध्ये आरामात चालायला हवेत. चालत नसतील तर ते ४० टीव्हीपर्यंत पोचतच नाहीयेत. मग २०० घेऊन काय होणार?

राउटर लपवून ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. राउटर दिसायला बरा नाही म्हणून टीव्ही युनिटच्या खणात, टीव्हीच्या मागे, माळ्यावर जुन्या सुटकेसशेजारी. एका घरात तो फिशटँकच्या मागे होता. पाणी वायफायची रेंज चांगलीच खातं, आणि मासे छान होते म्हणून हलवायला कुणी तयार नव्हतं.

यात खरा दोष पहिल्या दिवसाचा असतो. फायबर टाकायला येणारा पोरगा घाईत असतो. त्याला दाराजवळ भोक पाडणं सोयीचं, म्हणून राउटर दाराजवळ. टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये आरसीसीची भिंत. कोकणात चिऱ्याचं घर असेल तर विचारूच नका, एका भिंतीत निम्मी रेंज जाते. ड्रिल सुरू व्हायच्या आधी त्याला ठणकावून सांगायचं की वायर हॉलपर्यंत आण. तो कुरकुरतो, पण आणतो. एकदा गेला की परत यायला आठवडा लावतो.

राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीवर, घराच्या मध्याच्या जवळ. एवढं केलं की निम्म्या तक्रारी संपतात. उरलेल्यांसाठी माझा उपाय एकच: टीव्हीला लॅन केबल लावा. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं म्हणून काही हुशार मंडळी नाक मुरडतात. अहो, ४के ला १५ लागतात! वायर दिसते, घर खराब दिसतं, हे मला ऐकवू नका. केसिंग पट्टीत घाला, विषय संपला. फक्त फायबरची बारीक वायर मात्र दारात चेपू नका आणि खिळ्याला गुंडाळू नका. ती आत काचेची असते. राउटरजवळच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला तर तीच दुखावली आहे. तिथे बंद-चालू करून काही होत नाही.

"आमच्या टीव्हीला ५जी चालत नाही"

वायफायच्या यादीत एकाच घराची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकापुढे ५जी लिहिलेलं असतं. ते ५ गिगाहर्ट्झ आहे. मोबाईलच्या ५जी शी, सिमकार्डाशी त्याचा काडीचा संबंध नाही. लोक घाबरून दुसरं नाव निवडतात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि तुमच्या बिल्डिंगमधले सगळे राउटर तिथेच गर्दी करून बसलेले. मायक्रोवेव्हही तिथेच. टीव्ही आणि राउटर एका खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झच लावा. मध्ये दोन-तीन भिंती असतील तर मात्र २.४ बरा, कारण ५ ची रेंज भिंतीत लवकर मरते.

राउटरला चिकटून स्पीड टेस्ट

सकाळी ११ वाजता, मोबाईल राउटरवर टेकवून. ९८ आला, बघा, नेट एकदम मस्त! अडतंय रात्री ९ ला, टीव्हीवर. टेस्ट तिथे आणि तेव्हाच करायची. त्यातही नेटवाल्याच्या स्वतःच्या सर्व्हरवर आकडा नेहमीच गोड येतो, म्हणून मी फास्ट डॉट कॉम वापरतो. ती नेटफ्लिक्सचीच साईट आहे आणि त्यांच्याच सर्व्हरकडून स्पीड मोजते.

अपलोडकडे कुणी बघतच नाही

आमच्याच विंगमधल्या काकांचा किस्सा. रोज रात्री ८ च्या सुमारास मालिका अडकायची, पुन्हा सकाळी सगळं सुरळीत. नेटवाला दुपारी यायचा, मोबाईलवर १०० दाखवायचा, चहा पिऊन जायचा. काकांनी चिडून ३०० चा प्लॅन घेतला. तरी तेच.

"अरे, तिप्पट पैसे भरतोय मी!" काका.

"काका, आत्ता काही करू नका, मी ८ ला येतो."

गेलो. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडला आणि पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, मोजत बसलो. १०-१२ मिलिसेकंद, अगदी शहाण्यासारखा. तेवढ्यात बेल वाजली, मुलगा कामावरून आला, बूट काढून आत गेला. मिनिटभरात पिंग ४००, मग ७००. टीव्हीवर चक्र सुरू.

चिरंजीव लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतात. दिवसभर मोबाईलवर काढलेले ४के व्हिडिओ, आणि फोटोंचा बॅकअप 'फक्त वायफायवर' असा लावलेला. घरात पाऊल पडलं की मोबाईल सगळा ढीग वर ढकलायला लागायचा. त्या प्लॅनमध्ये अपलोड जेमतेम १० होतं, आणि ३०० घेतल्यावरही ते १०च राहिलं. डाउनलोड होताना टीव्हीलासुद्धा 'हे मिळालं, पुढचं पाठव' असं सारखं कळवावं लागतं, आणि तो निरोप अपलोडच्या वाटेनंच जातो. वाट तुंबली की ३०० काय नि १००० काय.

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या मोबाईलच्या अपलोडला ३ एमबीपीएसची मर्यादा घातली. त्या रात्रीपासून मालिका सुरळीत, काका पुढच्या महिन्यात जुन्या प्लॅनवर परत. तुमच्याकडे क्लाउडवर रेकॉर्डिंग टाकणारे सीसीटीव्ही कॅमेरे असतील तर संशय आधी त्यांच्यावर घ्या.

किरकोळ, पण रोजच्या

स्वस्तातला रिपीटर (वायफाय पुढच्या खोलीत पोचवणारी डबी): एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा. ऑनलाइन सेलमध्ये दिसला म्हणून घेऊ नका.

चित्र धूसर आहे पण अडकत नाही: नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२०पी पर्यंतच देतो. पैसे तितकेच भरलेत तर चित्रही तितकंच.

मोबाईलवर एचडी येतच नाही: काही फोनमध्ये वाइडवाइनची (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची) एल३ ही खालची पातळीच असते, आणि तिच्यावर अ‍ॅप एचडी देत नाहीत. नेटचा दोष नाही.

महिनाअखेरीलाच रखडतं: 'अनलिमिटेड'च्या खालची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यानंतर स्पीड पाडतात.

फुकटचा व्हीपीएन: काढून टाका.

जुना टीव्ही: अ‍ॅप उघडायलाच मिनिट लागत असेल तर नेट नाही, प्रोसेसर दमलाय. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये स्ट्रीमिंग स्टिक लावा.

सिनेमा चालतो, मॅच अडकते: सिनेमा पुढचा बराच भाग आधीच उतरवून ठेवतो, लाईव्हला ती सोय नाही, हाताशी काही सेकंदच असतात. शिवाय १९ नोव्हेंबर २०२३ च्या वर्ल्डकप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक होते. अशा गर्दीत मी क्वालिटी 'ऑटो'वरून काढून हातानं ७२०पी करतो आणि गप्प बसतो. शेवटच्या ओव्हरमध्ये राउटर रीसेट करणाऱ्या अतिउत्साही माणसाला रिमोट देऊ नये.

आणि खरंच नेटवाल्याची चूक असेल तर

लॅपटॉप केबलनं थेट राउटरला, बाकी सगळ्यांचं वायफाय बंद, वेळ रात्री ९. तरीही १०० च्या प्लॅनवर १५ येतोय? आता भांडा. स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसू द्या. तक्रार कस्टमर केअरलाच नोंदवा, व्हॉट्सअ‍ॅपवर लाईनमनला नाही. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, कारण काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तिथे पहिल्यांदा तोच नंबर विचारतात. माणूस पाठवतो म्हणाले तर वेळ रात्रीची मागा.