तालुक्याच्या रुग्णालयात दूरस्थ तज्ज्ञसेवा सुरू करताना आणि दर ठरवताना या चुका टाळा

किनवट, सेनगाव किंवा भूमसारख्या तालुक्याच्या गावी रात्री छातीत दुखणारा रुग्ण आला, की हृदयरोगतज्ज्ञ नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरला असतो आणि नातेवाईक गाडीची जुळवाजुळव करू लागतात. त्यामुळे वीस-तीस खाटांची अनेक खासगी रुग्णालये शहरातील तज्ज्ञांशी दूरस्थ सेवेचा, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला घेण्याचा, करार करू पाहतात. असे करार काही महिन्यांतच ढिले पडतात तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याला दिला जातो, पण माझ्या मते मूळ चूक दर ठरवण्यात झालेली असते.

फक्त रुग्णामागे दर

"जितके रुग्ण, तितके पैसे" ही मांडणी वरवर न्याय्य वाटते. मात्र रुग्णालयाला तज्ज्ञाकडून सर्वांत आधी हवी असते ती उपलब्धता, म्हणजे रात्री दोन वाजता फोन उचलला जाण्याची आणि ठरलेल्या मिनिटांत सल्ला मिळण्याची खात्री. रुग्ण आला नाही तरी तज्ज्ञाला त्या रात्री मोकळे राहावे लागते आणि त्या बांधिलकीचे मोल रुग्णसंख्येत मोजता येत नाही. म्हणून मानधनाचे दोन भाग करावेत: उपलब्धतेसाठी दरमहा ठरावीक रक्कम आणि प्रत्येक सल्ल्यासाठी वेगळी, तुलनेने लहान रक्कम. केवळ उदाहरणादाखल, ठरावीक भाग ३०,००० रुपये आणि प्रत्येक सल्ल्याचे ३०० रुपये धरले, तर महिन्याला ६० रुग्ण असताना एका रुग्णामागे ८०० रुपये पडतात आणि २० रुग्ण असताना १,८००. हे गणित सही करण्यापूर्वी मांडले नाही, तर पहिल्याच मंद महिन्यात संचालकांना करार महाग वाटू लागतो. दोन-तीन तालुक्यांतील रुग्णालयांनी मिळून एकाच तज्ज्ञाची रात्रपाळी घेतली, तर ठरावीक भाग वाटला जातो. हा मार्ग आपल्याकडे अधिक वापरला जायला हवा.

रुग्णसंख्येचा अंदाज वर्षाच्या सरासरीवर बांधणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात, त्यामुळे रक्तदाब-मधुमेहाच्या फेरतपासण्या त्या काळात घटतात. या रुग्णांचा पाठपुरावा फोनवर होऊ शकतो, म्हणून फेरसल्ल्याचा दर करारात वेगळा आणि कमी लिहावा. ओपीडीसाठी तज्ज्ञाची वेळ आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी, कारण आसपासच्या गावांतील माणसे त्याच दिवशी तालुक्याला येतात. शासनाच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सल्लासेवेवर साधा बाह्यरुग्ण सल्ला मोफत मिळतो, हेही दर ठरवताना लक्षात घ्यावे. रुग्णालयाने पैसे मोजावेत ते रात्रीच्या तातडीसाठी आणि अतिदक्षता विभागातील रोजच्या फेरीसाठी.

यंत्रणा नसलेल्या शाखेचा तज्ज्ञ

पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन अनिवार्य असतो. सीटी स्कॅन पन्नास किलोमीटरवर असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दिलेल्या मानधनाचा त्या रुग्णाला फारसा उपयोग होत नाही. हृदयविकाराचे तसे नाही: रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत काढलेला ईसीजी तज्ज्ञाला पाठवता येतो आणि आवश्यक इंजेक्शन रुग्णालयात ठेवता येते. म्हणून सुरुवात हृदयरोगापासून करणे शहाणपणाचे ठरते.

सीटीचा अहवाल उशिरा येत असेल, तर तज्ज्ञाला दोष देण्याआधी इंटरनेटचा अपलोडचा वेग तपासावा. आपण बहुधा डाउनलोडचाच वेग पाहतो. ३०० मेगाबाइटची तपासणी २ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने पाठवायला सुमारे वीस मिनिटे लागतात, कारण एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. ईसीजी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास फोटोची फाइल लहान केली जाऊन बारीक रेषा पुसट होतात, त्यामुळे तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. ब्रॉडबँडसोबत वेगळ्या कंपनीचे सिमकार्ड ठेवावे आणि राऊटरही इन्व्हर्टरवर घ्यावा. वीज गेल्यावर दिवे चालू आणि राऊटर बंद, ही स्थिती टाळणे अगदी सोपे आहे.

जबाबदारी आणि पैसा यांची सरमिसळ

केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतला, तरी उपचारांची जबाबदारी सल्ला मागणाऱ्या डॉक्टरचीच राहते. "साहेबांनी फोनवर सांगितले" एवढ्यावर काम चालवणे म्हणूनच धोक्याचे आहे. सल्ला, वेळ आणि तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक केसपेपरवर आलाच पाहिजे. तज्ज्ञ थेट रुग्णाशी बोलणार असेल आणि ही भेट रुग्णालयाने घडवून आणली असेल, तर रुग्णाची स्पष्ट संमती नोंदवावी, तसेच मादक व मनोविकारी द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे दूरस्थ सल्ल्यातून सामान्यतः लिहून देता येत नाहीत, हे सर्वांना आधीच सांगून ठेवावे.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णाकडून पॅकेजमधील (योजनेने एकत्रित रक्कम ठरवून दिलेल्या) उपचारासाठी "तज्ज्ञ शुल्क" वेगळे घेता येत नाही. तो खर्च पॅकेजमधूनच भागवावा लागतो, म्हणून अशा रुग्णांचे प्रमाण आधी मोजावे. इतर रुग्णांना शुल्काची पावती द्यावी. सर्वांत गंभीर चूक मात्र अशी की, तज्ज्ञ मानधन घेत नाही आणि त्याबदल्यात रुग्ण त्याच्याच शहरातील रुग्णालयात पाठवण्याचे तोंडी ठरते. रुग्ण पाठवण्यासाठी पैसे किंवा मोबदला घेणे-देणे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे, शिवाय अशा व्यवस्थेत तालुक्यातच बरा होऊ शकणारा रुग्णही शहराकडे पाठवला जातो आणि त्याच्या घरच्यांना शेतीच्या हंगामात शहरात मुक्काम करावा लागतो. करारात रुग्ण कोणत्या लक्षणांवर हलवायचा हे लिहावे आणि कोठे हलवायचा हे नातेवाइकांवर सोडावे.